इन्सियाड : एका आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन विद्यालयाची जडणघडण

प्रस्तावना

'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण आज अनेक शिक्षणसंस्थांच्या नावात आढळते. परदेशी विद्यापीठाशी झालेला एखादा करार, मोजके परदेशी विद्यार्थी किंवा अभ्यासक्रमात समाविष्ट केलेला एखादा विषय एवढ्या आधारावरही ते धारण केले जाते. त्यामुळे शिक्षणसंस्थेची आंतरराष्ट्रीयता नेमकी कशात असते, हा प्रश्न केवळ शाब्दिक राहत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे स्थापन झालेल्या 'इन्सियाड' या व्यवस्थापन विद्यालयाचा इतिहास उपयुक्त ठरतो. युरोपीय व्यवसाय प्रशासन संस्था या अर्थाच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे हे नाव रूढ झाले. या संस्थेची आंतरराष्ट्रीयता विस्ताराच्या ओघात आलेली नसून स्थापनेच्या वेळी जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयांतून आली आहे. त्या निर्णयांची किंमतही संस्थेला मोजावी लागली. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युरोपात व्यापारशिक्षणाची परंपरा जुनी आहे. पॅरिसमधील पहिले उच्च व्यापार विद्यालय इ.स. १८१९ मध्ये सुरू झाले, तर 'एचईसी' ही संस्था पॅरिसच्या वाणिज्य मंडळाने १८८१ मध्ये स्थापन केली. मात्र या संस्था राष्ट्रीय चौकटीतील होत्या. कठीण प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणांना त्या देशातील उद्योगांसाठी तयार करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्थिती बदलू लागली. मार्शल योजनेच्या काळात युरोपीय उद्योजक व अभियंते यांची शिष्टमंडळे अमेरिकेतील कारखाने पाहण्यासाठी गेली. अमेरिकी उत्पादकतेचे रहस्य केवळ यंत्रांत नसून व्यवस्थापनातही आहे, ही धारणा त्यांतून बळावली.

याच सुमारास २५ मार्च १९५७ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोम करारावर स्वाक्षऱ्या केल्या. सामाईक बाजारपेठ निर्माण होणार होती. परंतु त्या बाजारपेठेत काम करू शकेल असा व्यवस्थापक घडविणारी संस्था अस्तित्वात नव्हती. जिनिव्हा येथील केंद्र ॲल्कन या कंपनीच्या पुढाकाराने १९४६ मध्ये, तर लोझान येथील संस्था नेस्ले कंपनीच्या पुढाकाराने १९५७ मध्ये उभी राहिली होती. या दोन्ही संस्थांच्या पाठीशी एकेक कंपनी होती. कोणत्याही एका कंपनीच्या, विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या अधीन नसलेली युरोपीय संस्था ही कल्पना मात्र नवी होती.

स्थापना आणि संस्थापक

या कल्पनेचे जनक जॉर्ज दोरिओ हे होत. १८९९ मध्ये पॅरिस येथे जन्मलेले दोरिओ तरुणपणी अमेरिकेस गेले व हार्वर्ड व्यवसाय विद्यालयात प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या पुरवठा विभागात त्यांनी ब्रिगेडियर जनरल या पदापर्यंत काम केले. १९४६ मध्ये त्यांच्या सहभागाने स्थापन झालेल्या गुंतवणूक कंपनीमुळे साहस भांडवल क्षेत्राचे प्रवर्तक म्हणूनही ते ओळखले जातात. व्यवस्थापनशिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचा हा पहिला प्रयोग नव्हता. १९३० च्या सुमारास पॅरिसच्या वाणिज्य मंडळाच्या सहकार्याने कार्यरत व्यवस्थापकांसाठीचे एक केंद्र त्यांनी सुरू केले होते.

१९५७ मध्ये इन्सियाडची स्थापना झाली. ही योजना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय हार्वर्डमध्ये शिकलेल्या दोन फ्रेंच तरुणांकडे, क्लोद जान्सेन आणि ऑलिव्हिए जिस्कार देस्तँ यांच्याकडे जाते. यांपैकी जिस्कार देस्तँ यांनी संस्थेच्या प्रारंभीच्या कारभाराची धुरा वाहिली. पॅरिसच्या वाणिज्य मंडळाचे साहाय्य लाभले, तरी संस्था त्या मंडळाचा विभाग बनली नाही. पहिला वर्ग १९५९ मध्ये फाँतेनब्लोच्या ऐतिहासिक राजवाड्यात भरला. १८१४ मध्ये नेपोलियनने ज्या वास्तूत सिंहासनत्याग केला, तिथेच जर्मन, फ्रेंच व इतर युरोपीय तरुण एकत्र बसून व्यवसायाचे धडे गिरवू लागले. महायुद्ध संपून तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती. त्यामुळे कालपर्यंत शत्रू असलेल्या राष्ट्रांतील तरुणांना एकाच गटात बसवून संयुक्त निर्णय घ्यायला लावणे, हा शैक्षणिक उपक्रमापेक्षा अधिक व्यापक असा प्रयोग होता.

तीन मूलभूत निर्णय

संस्थेच्या पुढील वाटचालीस तीन निर्णयांनी आकार दिला. पहिला निर्णय विद्यार्थिवर्गाच्या रचनेविषयीचा होता. वर्गावर कोणत्याही एका राष्ट्राचे वर्चस्व नसावे, हे तत्त्व स्वीकारण्यात आले. परदेशी विद्यार्थी यजमानांच्या वर्गात सामावला जाण्याऐवजी सर्वच विद्यार्थी परस्परांना परके असावेत, हे या रचनेचे मर्म होते. दुसरा निर्णय भाषेविषयीचा होता. प्रारंभी फ्रेंच, इंग्रजी व जर्मन या तिन्ही भाषांना अध्यापनात स्थान होते. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्यास काही काळ तरी परभाषेत विचार करण्याची अडचण अनुभवावी लागे. तिसरा निर्णय स्वायत्ततेचा होता. विद्यापीठाशी संलग्नता नसल्याने अभ्यासक्रम, कालावधी व नियुक्त्या यांबाबत संस्था मुक्त राहिली. अमेरिकेत दोन वर्षे चालणारा अभ्यासक्रम येथे सुमारे एका वर्षात पूर्ण करण्याची पद्धत या मोकळिकीमुळेच रुजू शकली.

या निर्णयांच्या मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. स्वायत्ततेबरोबर आर्थिक अस्थैर्य आले. आरंभीच्या काळात पूर्णवेळ अध्यापकवर्ग अत्यल्प होता व बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांवर भिस्त ठेवावी लागे. अध्यापनासाठी वापरली जाणारी केस पद्धती, म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या व्यावसायिक प्रसंगावर वर्गात चर्चा करण्याची पद्धती, हार्वर्डकडून घेतलेली होती. युरोपीय अस्मितेची संस्था अमेरिकी साहित्यावर उभी होती, हा अंतर्विरोध नाकारता येत नाही.

भारतातील समकालीन प्रयत्नांशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक ठळक होते. १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या; त्यांना अनुक्रमे एमआयटीच्या स्लोन विद्यालयाचे व हार्वर्डचे सहकार्य लाभले. अमेरिकी ज्ञानपद्धतीचे रोपण हा या प्रयत्नांतील समान धागा होता. परंतु भारतात या कार्यामागे शासन उभे राहिले व राष्ट्रउभारणी हे उद्दिष्ट ठरले. इन्सियाडच्या पाठीशी कोणतेही एक राष्ट्र नव्हते.

आश्रित संस्थेकडून ज्ञाननिर्मितीकडे

१९६७ मध्ये संस्था राजवाडा सोडून फाँतेनब्लोच्या वनालगत बांधलेल्या स्वतःच्या वास्तूत गेली. त्याच वर्षी प्रथमच स्त्रियांना प्रवेश देण्यात आला. म्हणजेच राष्ट्रीयतेच्या भिंती ओलांडणाऱ्या या संस्थेला लिंगभेदाची भिंत ओलांडण्यास आणखी आठ वर्षे लागली. पुढील काळात कार्यरत व्यवस्थापकांसाठीच्या अल्पकालीन अभ्यासक्रमांनी उत्पन्नाचा आधार दिला व कायमस्वरूपी अध्यापकवर्ग वाढत गेला. १९८९ मध्ये संस्थेने पीएच.डी. कार्यक्रम सुरू केला.

या स्थित्यंतरात कोलकात्यात जन्मलेले सुमंत्र घोषाल यांचे स्थान महत्त्वाचे आहे. इंडियन ऑइलमधील नोकरीनंतर त्यांनी अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले व १९८५ मध्ये ते इन्सियाडमध्ये अध्यापक झाले. क्रिस्टोफर बार्टलेट यांच्यासह त्यांनी लिहिलेला बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या संघटनेविषयीचा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला व या विषयातील मूलभूत ग्रंथ म्हणून मान्यता पावला.

आशियाकडे विस्तार

१९८० मध्ये आंरी-क्लोद द बेतिन्यी यांच्या पुढाकाराने फाँतेनब्लो येथे युरो-आशिया केंद्र सुरू झाले. जपान व आग्नेय आशियातील औद्योगिक प्रगतीची दखल घेणे हा त्यामागील हेतू होता. या वीस वर्षांच्या तयारीनंतर २००० मध्ये सिंगापूर येथे दुसरे संकुल उघडण्यात आले. हे संकुल दुय्यम शाखा न ठरता समान दर्जाचे राहावे, यासाठी दोन्ही ठिकाणी एकच पदवी देण्याचे व विद्यार्थ्यांना एका संकुलातून दुसऱ्यात जाण्याची मुभा देण्याचे धोरण ठेवले गेले. २००७ मध्ये अबू धाबी येथे केंद्र सुरू झाले व २०१० मध्ये त्याचे संकुलात रूपांतर झाले. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथेही केंद्र उघडले. आसाममधील तेजपूर येथे जन्मलेल्या दीपक जैन यांनी २०११ ते २०१३ या काळात संस्थेचे अधिष्ठातापद भूषविले. २०१६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'च्या जागतिक क्रमवारीत इन्सियाडला पहिले स्थान मिळाले. एक वर्षाच्या अभ्यासक्रमास हा मान प्रथमच लाभला होता.

मूल्यमापन

या यशाबरोबर काही प्रश्नही उभे राहतात. तीन भाषांनी आरंभ झालेल्या संस्थेचे अध्यापन कालांतराने प्रामुख्याने इंग्रजीतच होऊ लागले. विविध देशांतून येणारे विद्यार्थी समान पूर्वानुभवाचे व समान व्यावसायिक आकांक्षांचे असतील, तर पारपत्रांची विविधता ही विचारांची विविधता ठरतेच असे नाही. शिवाय व्यवस्थापन विद्यालये नेमके काय शिकवितात, हा अधिक खोल प्रश्न आहे. १९९४ मध्ये इन्सियाड सोडून लंडनला गेलेल्या घोषाल यांचा अखेरचा निबंध त्यांच्या निधनानंतर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मनुष्याला केवळ स्वार्थी मानणारे सिद्धान्त शिकवून व्यवस्थापन विद्यालयांनी विद्यार्थ्यांना नैतिक जबाबदारीच्या जाणिवेपासून मुक्त केले, असा त्यांचा आक्षेप होता. एखाद्या एका संस्थेपुरता तो मर्यादित नव्हता; व्यवस्थापनशिक्षणाच्या समग्र परंपरेस उद्देशून तो केलेला होता.

समारोप

इन्सियाडच्या इतिहासातून असे दिसते, की आंतरराष्ट्रीयता ही इमारतींच्या संख्येवर किंवा करारांवर अवलंबून नसते. वर्गात कोण बसते, कोणत्या भाषेत बोलले जाते आणि संस्थेचे निर्णय कोण घेते, यांवर ती ठरते. यांपैकी पहिले व तिसरे तत्त्व संस्थेने टिकविले. दुसऱ्यास मात्र बाजारपेठेच्या भाषेपुढे माघार घ्यावी लागली. परस्परांना परके असलेल्यांनी एकत्र विचार करावा, या हेतूने १९५९ मध्ये तो पहिला वर्ग भरला होता. 'आंतरराष्ट्रीय' हे नाव धारण करणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाने स्वतःची परीक्षा याच कसोटीवर घेणे उचित ठरेल.