बाजाराची राखण

चोरीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे दोघेच उभे राहतात, चोर आणि शिपाई. बाजारात मात्र तिसरा असतो, तो दुकानदार. आणि चौथाही असतो, तो रात्री बंद दुकानापुढे काठी घेऊन बसणारा राखणदार. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या तिघांस जागा मिळते. आम्हांस चौथ्याविषयी बोलावयाचे आहे, कारण आमची उमर हमाल, गिरणी कामगार आणि पहारेकरी यांच्या संघटनेत गेली. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

अलीकडे तालुक्याच्या गावोगावी व्यापारी आणि पोलीस एकत्र बसतात. कापडाच्या दुकानात पाचसहा जण मिळून शिरतात, दोघे मालकास बोलण्यात गुंतवतात, बाकीचे गठ्ठा हलवतात. अशा टोळ्यांपुढे एकटा दुकानदार काय करणार? कॅमेरे बसवा, अनोळखी माणसाची खबर द्या, असे त्यांस सांगितले जाते. हे एकत्र बसणे योग्यच आहे. पण ते नवे नाही. आपल्या मुलखात बाजार राखण्याची रीत पूर्वी होती, ती मोडली, आणि ती कशी मोडली हे समजून घेतल्यावाचून नवी घडी बसणार नाही.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. गावच्या राखणीची रीत त्याने त्यात नोंदवली आहे. पाटील जबाबदार, आणि त्याच्या हाताखाली जागल्या, कोठे महार तर कोठे रामोशी. रात्री फिरणे, कोण आले कोण गेले हे लक्षात ठेवणे, आणि चोरी झालीच तर माग काढणे हे त्याचे काम. पावलांचा माग शिवेपर्यंत न्यावयाचा आणि पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचा. त्याने तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवावा. न दाखवता आला तर चोरी त्या गावच्या माथी. भरपाई गावाने करावयाची. धूळ, चिखल, ओढ्याची वाळू, हीच त्या काळची कागदपत्रे होती म्हणाना.

या रीतीत दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. एक, शोध पावलांचा होता, जातीचा नव्हता. माग जेथे जाईल तेथे जावे लागे, मग तो पाटलाच्या वाड्याकडे का जाईना. दुसरी, राखणदार उपाशी नव्हता. त्याला खळ्यावर बलुते होते. पेठेत विकावयास आलेल्या धान्यातून मूठ घेण्याचा हक्क होता त्यास फसकी म्हणत, आणि अशा मुठींवर पेठेतले कितीतरी हक्कदार जगत. ही रीत सोन्याची होती असे आम्ही म्हणत नाही. ज्या महाराने रात्र जागून काढावी त्याची सावलीही दिवसा चालत नसे, हे आम्ही विसरलेलो नाही.

शहरात हेच काम कोतवालाकडे. पुण्याच्या कोतवालाकडे चोरांचा बंदोबस्त होता, तशीच वजनेमापे आणि बाजारभाव यांवरही त्याचीच नजर असे. दुकानातून माल उचलणारा आणि तागडीत माप मारणारा, दोघे एकाच चावडीवर उभे राहत. पुढे ही दोन कामे दोन खात्यांत वाटली गेली. चोर शिपायाकडे गेला, तागडी निरीक्षकाकडे. शिपाई रोज येतो. निरीक्षक कधी येतो हे आपण व्यापारी मंडळींसच विचारावे! कोतवालीही निर्मळ नव्हती. घाशीराम कोतवालाने तेलंगी ब्राह्मण धरून कोंडले, त्यांतले कित्येक गुदमरून मेले, आणि १७९१ साली लोकांनी त्याला दगडांनी ठेचले. ज्यास कोणी जाब विचारत नाही त्याच्या हाती बाजार दिला की काय होते, ते पुण्याने तेव्हा पाहिले.

इंग्रजी अमलात राखणीची वतने ढासळू लागली. पुरंदरच्या रामोशांचे हक्क गेले, आणि त्यांतून उमाजी नाईक उभा राहिला. सरकारने मध्यंतरी त्यालाच पगार देऊन मुलूख राखावयास ठेवले, पण ते जमले नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले. राखणदाराची भाकरी काढून घ्यावी आणि मग त्यालाच लुटारू म्हणावे, हा क्रम कामगार चळवळीतल्या माणसास ओळखीचा वाटेल.

पुढे माग सुटला आणि त्याच्या जागी यादी आली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येईल असा केला गेला. आपल्या शेजारच्या सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणात वसाहत झाली. आतल्या माणसाने हजेरी द्यावी आणि गिरणीत कामास जावे. चोरी कोठेही होवो, पहिली झडती ठरलेल्या पालावर. शिवेवर वाकून पाऊल पाहण्याचे कष्ट वाचले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण आमच्या जिल्ह्यातल्या पारध्यास विचारा, तो कधी रद्द झाला म्हणून.

आपले भूम तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. बार्शी जवळच, पण ती इंग्रजांची. १८९७ साली बार्शीला रेल्वे आली तशी पेठ फुगली. एका गावची चोरी दुसऱ्या राज्याच्या हद्दीत गेली की जुना माग तेथेच थांबे. शीव ओलांडता येई, सरकार ओलांडता येत नसे. शिवाय मधे करोडगिरीचा नाका. नाका चुकवून आलेले लुगडे नेसताना चोरीचा माल अंगावर घेतल्यासारखे कोणास वाटले असेल, असे आम्हांस वाटत नाही. चोरी कशास म्हणावे हे बाजार आपल्या सोयीने ठरवतो.

विलायतेतही तसेच झाले. लंडनच्या थेम्स नदीवर जहाजांतून साखर, कॉफी, कोळसा नाहीसा होई. १७९८ साली पॅट्रिक कॉलक्होन या दंडाधिकाऱ्याने वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर नदीवरचे पोलीस दल उभे केले. दोन वर्षांनी सरकारने ते आपल्याकडे घेतले. नदीवर पोट भरणाऱ्या ३३,००० माणसांपैकी ११,००० चोर आहेत, असे कॉलक्होनचे म्हणणे. पण सांडलेला माल उचलणे हा मजुरीचाच भाग, असे कामगार पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. त्याच ऑक्टोबरात कोळसा चोरल्याबद्दल कामगारांना दंड झाला तेव्हा जमावाने पोलीस कचेरीवर दगडफेक केली. चोरी कमी झाली हे खरे. दलाचा खर्च व्यापाऱ्यांनी उचलला, म्हणून चोर कोण हेही त्यांच्याच हिशेबाने ठरले, हेही खरे.

आता मराठवाड्यातली गोष्ट. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, पुढच्या वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गायकवाड सूतगिरणीत राबलेले, कामगारांच्या लढ्यात उतरलेले. त्यामुळे आम्हांस ते आपले वाटतात. बाजारात हातचलाखी करणाऱ्या माणसाच्या पोटात त्या चोरीतले किती थोडे पडते, हे त्या पुस्तकाने दाखवले. वाटा वरचे खातात. टोळी घरच्या चुलीवर दहा ठाण कापड शिजवीत नाही. ते कोणीतरी विकत घेतो, आणि घेणाऱ्याचे बहुधा दुकान असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत टोळीने दुकानातून माल उचलण्यास कलम ११२ खाली एक ते सात वर्षांची कैद आहे. त्याच संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांखालची पहिली चोरी असेल आणि माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा आहे. भुकेने एक पुडा उचललेल्या बाईला यांतले कोणते कलम लागावयाचे, हे ठाण्यात कोण काय सांगतो यावर ठरते. आणि चोरीच्या मालाचा धंदाच करणाऱ्यास कलम ३१७ प्रमाणे जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या कायद्यातही ती होतीच. कोठडीत मात्र आम्ही पोते वाहणाराच अधिक पाहिला. एका आडतीवर दोन पोती कमी भरली म्हणून चार हमाल दिवसभर ठाण्यात बसवले गेले. संध्याकाळी मोजणी पुन्हा झाली तेव्हा पोती थप्पीच्या मागे सापडली. त्या दिवसाची हमाली कोणी दिली नाही.

म्हणून व्यापारी-पोलिसांच्या बैठकीत आमच्या मागण्या साध्या आहेत. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ पासून कायदा आहे, माथाडी कामगारांसाठी १९६९ पासून. पेठेच्या राखणदाराची नोंद त्याप्रमाणे व्हावी, पगार ठरावा, आणि त्याला बैठकीत खुर्ची मिळावी. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, चेहऱ्याची ओळख त्याला असते. आणि ठाण्यात यादीवरून माणसे उचलण्यापूर्वी, स्वस्तात माल घेणाऱ्या दुकानांची खरेदीची वही आधी उघडावी. माग तेथूनच काढावयास घ्यावा.