फुकटच्या चाळणीची गोष्ट : ९.९.९.९

"वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापणार" असल्या मेसेजची बातमी छापली की पुढचे दोन दिवस मला एकच प्रश्न येतो. दादा, अशा लिंक उघडूच नयेत अशी काही सोय नाही का? आहे, आणि फुकट आहे. पण तिचं बिल कोण भरतं आणि काय बंद करायचं हे कोण ठरवतं, तेही माहीत असलेलं बरं. पोस्ट थोडी लांबेल.

इंटरनेटला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. सुरुवातीला अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या कार्यालयात सगळ्या कॉम्प्युटरांची एकच यादी असायची, तलाठ्याच्या दप्तरासारखी. कॉम्प्युटर वाढले, यादी आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. नाव विचारा, आकडा घ्या. आज हे उत्तर बहुतेकांना त्यांची मोबाइल कंपनीच देते. चाळणी म्हणजे काय, तर फसव्या साइटचं नाव विचारलं की आकडा द्यायचाच नाही. पत्ता नाही तर पान उघडणार कसं?

हे लोकांपर्यंत नेलं २००६ मध्ये डेव्हिड उलेविच यांच्या ओपनडीएनएसने. सेवा फुकट, पण पत्ता चुकीचा टाइप केला की जाहिरातींचं पान यायचं. कमाई तीच. २०१० मध्ये त्यांनी घरातल्या पोरांसाठी अश्लील साइट गाळणारी फॅमिलीशील्ड आणली. जाहिराती २०१४ मध्ये बंद झाल्या आणि २०१५ मध्ये सिस्कोने ही कंपनी ६३ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. नॉर्टनचीही अशीच फुकट चाळणी होती, ती नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाली. फुकटच्या सेवेला तक्रार कुणाकडे करणार?

क्वाड९ चा मार्ग वेगळा. आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाऊस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी २०१७ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा संस्था. पत्ता ९.९.९.९. ती फक्त व्हायरस आणि फसवणुकीच्या साइट अडवते, अश्लील मजकूर नाही. २०२१ मध्ये ती स्वित्झर्लंडला गेली, तिथले खासगीपणाचे कायदे कडक म्हणून.

आणि त्याच वर्षी सोनी म्युझिकने तिला जर्मनीत हॅम्बुर्गच्या कोर्टात खेचलं. चोरीच्या गाण्यांकडे नेणाऱ्या एका साइटचा पत्ता सांगू नका, अशी मागणी. गाणी क्वाड९ कडे नव्हतीच हो, ती फक्त पत्ता सांगत होती. तरी कोर्टाने मनाई केली. २०२३ च्या मार्चमध्ये लाइपझिगचं कोर्टही सोनीच्या बाजूने गेलं. शेवटी डिसेंबरमध्ये ड्रेस्डेनच्या वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा खटला हाच. व्हायरससाठी बसवलेल्या चाळणीत उद्या कुणीही आपापले खडे टाकू पाहील, हे त्यातून दिसलं. २०२४ मध्ये फ्रान्समध्ये कोर्टाने असाच आदेश दिला, तेव्हा ओपनडीएनएसने तिथली सेवाच गुंडाळली.

चुकाही होतात. क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी १.१.१.३ सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी समलिंगी व्यक्तींसाठीच्या माहितीच्या साइट अडवल्या गेल्या. कंपनीने माफी मागून यादी सुधारली.

आता लावायचं कसं? अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि तिथे इंग्रजीत डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट टाका, नऊचा आकडा मात्र आकड्यातच. ॲप लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल यातून अडत नाही, आणि ओटीपी तुम्ही स्वतःच फोनवर सांगितलात तर कुठलीच चाळणी उपयोगाची नाही. स्टेशनवरच्या फुकट वायफायचं लॉगिन पान उघडलं नाही, तर तेवढ्यापुरतं सेटिंग 'ऑटोमॅटिक' करा.