न दाखवलेला कागद : तंबाखूचे खटले आणि इतिहासकाराची साक्ष

इतिहासकार लेख लिहितो तेव्हा प्रश्न त्याचा स्वतःचा असतो. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा प्रश्न वकिलाचा असतो. हा फरक वरवर पाहता केवळ कार्यपद्धतीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे संहितेचा प्रकारच बदलतो. लेखातील ‘बहुधा’, ‘असे दिसते’, ‘या मर्यादेत’ ही पदे इतिहासकाराच्या सचोटीची चिन्हे असतात. उलटतपासणीत तीच त्याच्या दुबळेपणाची चिन्हे ठरतात. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९९१ मध्ये न्यायाधीश आणि इतिहासकार यांच्या तर्कपद्धतींची तुलना केली, ती एका खटल्यातील न्यायाधीशांच्या युक्तिवादाची चिकित्सा करण्यासाठी. तेथे इतिहासकार पिंजऱ्याबाहेर उभा होता. अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांविरुद्धच्या खटल्यांत तो आत गेला, आणि बहुतेक वेळा प्रतिवादीच्या, म्हणजे कंपनीच्या, बाजूने गेला.

फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रस्त झालेल्या धूम्रपींचे दावे तेथे १९५०च्या दशकापासून दाखल होऊ लागले. त्यांना कंपन्यांनी दिलेले उत्तर दुपदरी होते. पहिला पदर असा की सिगारेटने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही. दुसरा असा की सिगारेट घातक आहे हे सर्वांनाच पूर्वीपासून ठाऊक होते, तेव्हा ओढणाऱ्याने ती जाणूनबुजून ओढली. रॉबर्ट प्रॉक्टर यांनी २००६ मध्ये या बचावाची चिकित्सा करताना नेमके हे दुटप्पीपण पुढे आणले : ठाऊक सगळ्यांना होते, पुरावा मात्र कोणाजवळच नव्हता. एकाच निवेदकाच्या तोंडी परस्परांना खोडणारी दोन कथने असली, तर समीक्षक त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतो. न्यायालयात ही अडचण श्रमविभागणीने सुटली. पहिले कथन वैद्यकतज्ज्ञाने सांगायचे, दुसरे इतिहासकाराने. स्टीफन अँब्रोझ यांच्यासारखा लोकप्रिय इतिहासकारही अशा साक्षीदारांत होता.

या दुसऱ्या कथनाची सामग्री कोणती? स्थानिक वृत्तपत्रे, मासिके, शालेय पाठ्यपुस्तके, जनमत-चाचण्या आणि बोलीतील शब्द. सिगारेटला विनोदाने ‘शवपेटीचा खिळा’ म्हणत, म्हणजे ती मारते हे लोकांना ठाऊक होते, असा युक्तिवाद वारंवार झाला. साहित्याच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते. रूपक वापरणे म्हणजे त्यातील विधान सत्य म्हणून स्वीकारणे नव्हे. उलट विनोदी रूपक पुष्कळदा भीती हसण्यावारी नेण्यासाठीच रूढ होते. आपल्याकडे ‘व्यसन’ या शब्दात निंदा आहे, पण ती आचरणाची निंदा आहे. तंबाखू वाईट हे ज्या घरात सांगितले जाई, त्याच घरात मिसरी दात घासण्याची वस्तू म्हणून नांदत असे. ‘वाईट आहे’ हे ठाऊक असणे आणि ‘याने माझ्या तोंडाचा कर्करोग होईल’ हे ठाऊक असणे, या दोन ज्ञानांमध्ये जे अंतर आहे, तेच खरे तर इतिहासाचे क्षेत्र. कंपनीच्या बाजूच्या साक्षीत ते अंतर पुसले गेले.

कल्पना करावी की असा दावा ठाण्याच्या न्यायालयात उभा राहिला आहे. नेमलेला इतिहासकार प्रथम कोठे जाईल? १८६४ मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात, १८९३ च्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. ‘अरुणोदय’सारख्या ठाण्याच्या जुन्या पत्राचे अंक कोठे मिळतात ते पाहील. त्यांत तंबाखूनिषेधाचे मजकूर शोधील, तारखांनुसार मांडील, आणि शपथेवर सांगेल की अमुक वर्षी या गावात ही माहिती छापील स्वरूपात उपलब्ध होती. विधान खरेच असेल. पण ते छापलेल्या कागदाविषयीचे विधान आहे. कागद वाचणाऱ्याविषयीचे नाही. या साक्षीत एक अभिप्रेत वाचक गृहीत धरलेला असतो : तो प्रत्येक अंक वाचतो, प्रत्येक बातमीवर विश्वास ठेवतो, जाहिरातींकडे मात्र त्याची नजर जात नाही. असा वाचक वाङ्मयसिद्धान्तात चालतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याला मृत माणसाच्या जागी बसवले जाते, हे गंभीर आहे.

जाहिरातीची गोष्ट अवांतर नव्हे. डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात प्रमुख सिगारेट कंपन्यांचे अधिकारी एकत्र आले, आणि ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचे एक निवेदन झळकले : लोकांचे आरोग्य ही आमची प्राथमिक जबाबदारी आहे, आमचा माल अपायकारक नाही असे आम्ही मानतो, संशोधनाला आम्ही साहाय्य करू. म्हणजे धोक्याची बातमी आणि धोक्याचा इन्कार एकाच वृत्तपत्रात, कधी शेजारशेजारच्या पानांवर होते. बातमी कात्रणात घ्यायची आणि निवेदन वगळायचे, ही निवड इतिहासकाराची होती. लुई किरियाकुडिस यांनी २००६ मध्ये अशा साक्षींचा आढावा घेतला. त्यांचा मुख्य आक्षेप हाच आहे की लोकांच्या मनात संशय पेरण्यासाठी कंपन्यांनी जे केले ते या साक्षींत येतच नाही.

ते येत नव्हते, कारण त्यासाठी कंपन्यांचे अंतर्गत कागद वाचावे लागले असते. १९९८ च्या मिनेसोटातील तडजोडीनंतर आणि त्याच वर्षी ४६ राज्यांशी झालेल्या करारानंतर हे कागद सार्वजनिक झाले. आज त्यांची संख्या कोटीच्या घरात आहे. ते उघडे झाल्यावरही काही साक्षीदारांनी ते आपल्या कामाच्या कक्षेत येत नाहीत असे सांगितले. आपल्याला विचारलेला प्रश्न ‘लोकांना काय ठाऊक होते’ एवढाच आहे, असे त्याचे समर्थन. प्रश्न वकिलाचा होता याची खूण येथे स्पष्ट उमटते.

दुसरी बाजू निष्कलंक होती असे म्हणण्याचे कारण नाही. वादींच्या बाजूने साक्ष देणारे प्रॉक्टरही मानधन घेत होते. ॲलन ब्रँट यांनी, आपले संशोधन पक्षपाती ठरेल या भीतीने, अनेक वर्षे साक्ष देण्याचे टाळले. अखेर २००४ मध्ये ते अमेरिकी सरकारच्या बाजूने उभे राहिले. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी दिलेला दीड हजारांहून अधिक पानांचा निकाल कंपन्यांच्या कागदपत्रांच्या दीर्घ वाचनावर उभा आहे. पैसे दोघांनी घेतले म्हणून दोघांचे वाचन सारखे ठरत नाही. भेद मानधनाचा नसून वाचलेल्या आणि न वाचलेल्या दप्तराचा आहे.

याच मुद्द्यावर आपल्या न्यायव्यवस्थेतील एक प्रसिद्ध दाखला कल्याणच्या परिसरातून आलेला आहे, याची जाणीव इतिहासाच्या अभ्यासकांना क्वचितच असते. कल्याणच्या दक्षिणेस मलंगगडावर हाजी मलंगचे स्थान आहे. हिंदू व मुसलमान दोघेही तेथे जातात आणि वहिवाट परंपरेने केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेचे संमिश्र स्वरूप मान्य केले. त्यानंतरचा वाद जवळच्या एका जमिनीचा : ती दर्ग्याची की वहिवाटदाराची खाजगी? ‘गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध मोहम्मद हाजी लतीफ’ या १९६८ च्या निकालात न्यायालयाने एक सूत्र मांडले. ज्या पक्षाच्या ताब्यात वादावर प्रकाश टाकणारे कागद आहेत, त्याने ते दाखवले नाहीत, तर सिद्धतेचा भार त्याच्यावर नसला तरी त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येते. भाराच्या अमूर्त सिद्धान्तामागे लपून कागद दडवणे योग्य नव्हे. उत्पन्नाचे हिशेब हजर झाले नव्हते. जमीन दर्ग्याची ठरली. १९१७ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या एका निर्णयाचा आधार त्यामागे होता, आणि आज देशभरातील न्यायालयांत प्रतिकूल अनुमानासाठी याच निकालाचा दाखला दिला जातो.

मराठी इतिहाससंशोधनाची घडण याच्या नेमकी उलट झाली आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपली सारी निष्ठा सापडलेल्या कागदाशी. अस्सल की बनावट, तारीख जुळते की नाही, अक्षर कोणाचे, यासाठी आपल्याजवळ उत्तम शिस्त आहे. दडवलेल्या कागदासाठी नाही. दप्तरात नसलेले हे काळाने नेले असे आपण मानतो. कोणी नेले असे विचारत नाही. तंबाखूच्या खटल्यांनी शिकवले ते हे की आधुनिक व्यापारी संस्थेच्या दप्तरातील मौन पुष्कळदा रचलेले असते. तेव्हा त्या मौनाचे वाचनही रचनेचे वाचन म्हणूनच करावे लागते.

मलंगगडाच्याच संदर्भात एक जुनी कथा १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात आहे. १८१७ मध्ये वहिवाटीबद्दल तक्रार उपस्थित झाली. वली जिवंत नसल्याने त्याची इच्छा कळणार कशी, म्हणून कलेक्टरने चिठ्ठ्या टाकवल्या. तीनदा टाकल्या आणि तीनदा काशीनाथपंतांच्या प्रतिनिधीचे नाव निघाले. गंमत म्हणजे चिठ्ठ्यांनी मिळालेला हा कौल गॅझेटियरात छापला गेल्यावर ‘ऐतिहासिक पुरावा’ झाला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याला हे सोयीचेच होते. त्याच्या ५७ व्या कलमात सार्वजनिक इतिहासाच्या बाबतीत न्यायालयाला ग्रंथांचा आधार घेण्याची मुभा होती. तज्ज्ञांच्या ४५ व्या कलमात मात्र परकीय कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे होते, इतिहासाचे नाव नव्हते. ग्रंथ दारातून आत येई, त्याचा कर्ता खिडकीतून. अयोध्येच्या दाव्यात इतिहासकार व पुरातत्त्वज्ञ मोठ्या संख्येने पिंजऱ्यात आले, आणि २०१० च्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालात त्यांतील काहींच्या तयारीवर कडक ताशेरे ओढले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तज्ज्ञांच्या यादीला ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ हे शब्द जोडले आहेत. दार आता उघडे आहे.

त्यातून आत जाणाऱ्या इतिहासकाराला तंबाखूविषयी विचारले गेलेच, तर त्याला वृत्तपत्रांबरोबर वेष्टनेही वाचावी लागतील. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा आणला. विडीच्या बंडलाला तो कायदा लागू नव्हता. विडी कक्षेत आली ती २००३ च्या कायद्याने, आणि चित्रमय इशारे प्रत्यक्षात आले ३१ मे २००९ पासून. मधल्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या फलाटांवर आणि ठाण्याच्या कारखान्यांबाहेर जी कोरी बंडले सुटली, त्यांवर काय छापायचे राहिले आणि ते कोणी राहू दिले, हे सांगणारे दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, हा त्याने विचारायचा पहिला प्रश्न.