अर्ली बाइंडिंग व लेट बाइंडिंग

प्रोग्राममध्ये लिहिलेल्या नावाची ऑब्जेक्टमधल्या प्रत्यक्ष कोडशी गाठ कधी पडते, यावरून केलेले दोन प्रकार. गाठ कंपाइल होतानाच पडली तर अर्ली बाइंडिंग. प्रोग्राम चालू असताना पडली तर लेट बाइंडिंग. १९९३ साली एक्सेल ५ बरोबर आलेल्या व्हीबीएमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्यांना हा भेद हमखास भेटतो.

वेगातला फरक समजायला बोईसर स्टेशन पुरे. पासवाला थेट फलाटावर जातो. बिनपासाचा दर खेपेला तिकीट खिडकीशी उभा राहतो. अर्ली बाइंडिंगमध्ये कंपायलर टाइप लायब्ररी, म्हणजे ऑब्जेक्टच्या मेथडची नोंद, आधीच वाचतो, त्यामुळे कोणती मेथड तक्त्यात कितवी हे ठरलेले असते. लेट बाइंडिंगमध्ये प्रत्येक वेळी आधी नाव देऊन त्याचा क्रमांक विचारायचा आणि मग त्या क्रमांकाने काम सांगायचे, असे दोन टप्पे पडतात.

रांगेतली पाच मिनिटे उमरोळीला उतरणाऱ्याला जड जातात, चर्चगेटला निघालेल्याला नाहीत. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात सांडपाण्याच्या पीएचच्या पन्नास हजार नोंदी मॅक्रोने स्क्रिप्टिंग डिक्शनरी या ऑब्जेक्टमध्ये भरायच्या आहेत, असे समजा. इथे एकेक कॉल चिमुकला, म्हणून नाव शोधण्याचा खर्च पन्नास हजार वेळा साचतो. तोच मॅक्रो शेवटी आउटलुकमधून एक मेल पाठवतो, तेव्हा हा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. नोंदी एकेका सेलमधून न वाचता पूर्ण रेंज एकदम ॲरेत घेतली, तर कॉलच घटतात. बाइंडिंग बदलण्यापेक्षा हा उपाय पुष्कळदा जास्त वेळ वाचवतो.

ऑब्जेक्ट तयार करायला क्रिएटऑब्जेक्ट वापरले की लेट बाइंडिंग, हा समज चुकीचा आहे. प्रकार ठरतो तो व्हेरिएबलच्या घोषणेवरून. ‘ॲज ऑब्जेक्ट’ म्हटले तर लेट, ‘ॲज स्क्रिप्टिंग डॉट डिक्शनरी’ म्हटले तर अर्ली. ऑब्जेक्ट कसाही तयार केलेला असो.

वेग गमावूनही लेट बाइंडिंग टिकले, कारण फाइल फिरते. नव्या एमएस ऑफिसवर टाइप लायब्ररीला लावलेला रेफरन्स जुन्या आवृत्तीच्या संगणकावर ‘मिसिंग’ दिसतो आणि मॅक्रो कंपाइलच होत नाही. म्हणून पुष्कळ जण लिहिताना अर्ली बाइंडिंग ठेवतात, म्हणजे टिंब दिल्याबरोबर मेथडची यादी समोर येते. फाइल वाटण्याआधी ते लेट करतात. मेथडचे नाव चुकले, तर ते मग कंपाइलच्या वेळी कळत नाही. चालू मॅक्रो ४३८ क्रमांकाची एरर देऊन थांबतो.

या बदलात रेफरन्स काढला की स्थिरांकांची नावेही नाहीशी होतात. आउटलुकमध्ये मेलचा क्रमांक ०, अपॉइंटमेंटचा १. घोषणा सक्तीची करणारे ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहिलेले नसेल, तर अनोळखी ठरलेले अपॉइंटमेंटचे नाव रिकामे, म्हणजेच शून्य धरले जाते. त्या ओळीवर एरर येत नाही. टाकी सफाईची तारीख कॅलेंडरात जाण्याऐवजी कोरा मेल तयार होतो.