पाऊणपट

आजीच्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात १ जूनला जन्मलेलं एकही मूल नव्हतं. महाराष्ट्रातल्या खेड्यात शिकलेल्या माणसाला यातलं नवल लगेच कळेल. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला सहा वर्षं पूर्ण लागायची आणि जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नसायची. मग मास्तर १ जून लिहून मोकळे होत. पिढ्यान् पिढ्या अख्खी गावं एकाच दिवशी जन्मली.

आजीला ते पटायचं नाही. "तारीख म्हणजे पोराची पहिली मिळकत. ती आपण का बुडवायची?" असं ती म्हणे.

शाळा पनवेलच्या खाडीकाठी होती. ते गाव आता नाही. विमानतळासाठी जी दहा गावं उठली, उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली वगैरे, त्यांतलंच ते एक. आजी १९५० च्या सुमारास फायनल होऊन तिथे बाई म्हणून लागली. पुढची अडतीस वर्षं आगरी आणि कोळी घरांतली पोरं तिच्या हाताखालून गेली. नाव घालायला आलेल्या बाईला ती ओट्यावर बसवून घेई आणि आधी साल शोधी. त्यासाठी तिची एक वही होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलेलं सगळं तिच्यात ओळीने मांडलेलं: चिरनेरचा जंगल सत्याग्रह, २५ सप्टेंबर १९३०. मुंबईच्या गोदीतला स्फोट, १४ एप्रिल १९४४. रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. पुढे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. प्रत्येक तारखेखाली कुणाच्या घरी काय झालं ते बारीक अक्षरात. रामदासच्या पानावर सगळ्यांत जास्त मजकूर होता. सहाशेहून अधिक माणसं गेली त्या दिवशी, आणि या किनाऱ्यावर कुणाचं ना कुणाचं कुणीतरी त्या बोटीत होतंच. त्या वहीतून मी इतिहास शिकले. शाळेच्या पुस्तकातला नंतर आला.

साल ठरलं की महिना भातावरून: लावणी, कापणी की झोडणी. आणि दिवस? तो ती पाण्यावरून काढी. मला आजही याचंच सगळ्यांत कौतुक वाटतं.

खाडीकाठी एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरणार, अष्टमीला सहाला, पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. आजी पाऊणकी अशीच पाठ करून घ्यायची. जी पोरं पाढ्यांना रडत, ती भरतीला कधी चुकत नसत. जन्मतारखेसाठी तिने हाच हिशेब उलटा फिरवला. एका बाईने आपल्या पोरीबद्दल सांगितलं, रामदास बुडाली त्या साली, झोडणी चालू असताना, पहाटे झाली. "पानी उघाडीला भरला व्हता." पहाटे सहाला भरती म्हणजे अष्टमी. चांदणं होतं का? डोक्यावर चंद्र होता. म्हणजे वद्य अष्टमी. कार्तिक वद्य अष्टमी. जुनं पंचांग उघडलं, तर डिसेंबर १९४७ चा पहिला आठवडा. ती तारीख रजिस्टरात गेली.

नवी मुंबई वसवण्यासाठी १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटर, पंच्याण्णव गावं. भातखाचरं, मिठागरं, खाजणं नकाशावर सेक्टर झाली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर भागात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. त्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा होता. आजीने वहीत तारीख लिहिली, आणि वहीतली ती शेवटची नोंद ठरली. तोवर मुलं पनवेलच्या दवाखान्यात जन्मू लागली होती, चिठ्ठीवर तारखेसकट.

त्या लढ्यातून पुढे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली आणि जो तो वारसाच्या कागदांसाठी धावू लागला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ती पहाटेची पोरगी, आता नातवंडांची आजी झालेली, दाखला घेऊन रडत आमच्या घरी आली. एका कचेरीतल्या कारकुनाला शंका होती: आसपासच्या गावांत सगळ्यांची तारीख १ जून, मग याच गावात प्रत्येकाची वेगळी कशी? मागाहून कुणी भरल्या असणार.

आजी निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. तिने नऊवारीवर स्वेटर चढवला, वही पिशवीत टाकली, मला बरोबर घेतलं. टेबलासमोर उभं राहून तिने अगदी वर्गात शिकवावं तसा हिशेब मांडला. कारकून ऐकत होता, पण पटत नव्हतं. भिंतीवर कालनिर्णय होतं. "आज तिथी कुठली, वाच," आजी म्हणाली. पंचमी होती.

"पाचाची पाऊणपट?"

तो अडखळला. दारातला शिपाई खाडीकाठच्या दिवाळे गावचा कोळी होता. तो तिथूनच बोलला, "पावणेचार. बरोबर हाय. पावनेचारला भरतंय आज."

कारकुनाने सही केली. शिक्का मारता मारता म्हणाला, "बाई, माझीपण १ जूनच आहे."

"गाव कुठलं रे तुझं?"

"बीडकडचं. आमच्याकडे कुठली आलीये भरती!"

"आई आहे?"

"आहे."

"दुष्काळाच्या आधीचा तू, की नंतरचा?"

त्याने फाईल मिटली, शिपायाला चहा सांगितला आणि आजीसाठी स्वतःची खुर्ची पुढे ओढली. आजीने पिशवीतून वही पुन्हा बाहेर काढली आणि शेवटचं कोरं पान उघडलं.