मुलींचा वेगळा अभ्यासक्रम

इ. स. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांविषयी एक शिफारस केली. मुलींचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा असावा आणि गृहजीवनाच्या गरजा ध्यानी घेऊन तो आखावा, असा तिचा आशय होता. मुलींनी शाळेत येऊच नये, असे म्हणणाऱ्यांशी झुंजणे त्यामानाने सोपे; ‘या, पण एवढेच शिका’ हा विचार अधिक सभ्य, म्हणूनच अधिक चिवट ठरला. वास्तविक याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार व्हाव्यात, असा आग्रह धरला होता.

ब्रिटिश मुलखातले हे धोरण. आपल्या बडोदे संस्थानात चित्र पुष्कळसे निराळे होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १९०६ साली संस्थानभर लागू केला, तो मुलींसह. मात्र मुलींवरील सक्ती मुलांच्या आधीच संपे. महाराजांविषयी नितांत आदर बाळगूनही हा फरक नोंदवणे भाग आहे.

याच बडोद्याच्या महाविद्यालयात शिकलेल्या हंसाबेन मेहता १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असा बदल व्हावा म्हणून झटणाऱ्या त्या ह्याच. त्यांच्याच कारकिर्दीत येथे गृहविज्ञान विद्याशाखा उभी राहिली. पुढे १९६२ च्या सुमारास, मुलामुलींचे अभ्यासक्रम भिन्न असावेत काय, हे ठरवण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने निःसंदिग्धपणे सांगितले, की अभ्यासक्रम कुवत व अभिरुची पाहून ठरावा, स्त्री-पुरुष भेदावरून नव्हे. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) हेच मत उचलून धरले.

गृहविज्ञान वाढवणाऱ्या बाईंनी असे म्हणावे, ही विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही. घर चालवणे हे शास्त्र मानणे निराळे आणि ते मुलींच्याच माथी मारणे निराळे.

२०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा थोडी थट्टाही झाली. समितीच्या शिफारशीनंतर दीड-दोन दशकांनीही माझ्या शाळेत मुली शिवणाच्या तासाला जात आणि आम्ही मुले सुतारकामाला. स्टूल मला आजही करता येत नाही. सदऱ्याचे बटण लावायला मात्र चाळिशी उलटल्यावर पत्नीने शिकवले.