पुण्याजवळची नासिकारोपणाची शस्त्रक्रिया

कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवण्याची पद्धत अठराव्या शतकात पुण्याच्या परिसरात चालू होती. तिचे तपशीलवार वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले.

त्या वर्णनातला कावसजी हा इंग्रज फौजेतील मराठा बैलहाक्या १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याचे नाक पुन्हा बसवले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन तो कपाळावर आखणी करी. तेवढी कातडी सोडवताना भुवयांमधली पट्टी रक्तपुरवठ्यासाठी शाबूत ठेवी. मग कातडीला पीळ देऊन ती नाकाच्या जागी बसवी आणि वर काथ लावलेल्या फडक्यांचे थर ठेवी. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी येत. पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली जाई.

सुश्रुतसंहितेत गालाची कातडी सांगितली आहे; इथे कपाळाची वापरली गेली. मासिकातले वर्णन वाचून शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. कपाळाच्या कातडीची ही पद्धत आजही वापरात आहे. तो कारागीर मात्र अनामच राहिला.